लेकरांकडं आत्ता कोण बघतंय?

"ताई, आम्ही जालन्याचे. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चारचा. मेच्या सुट्टीत नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) काठावर तंबू टाकून दोन रात्री राहायचं आणि मधल्या दिवशी देवगिरीकडं जाऊन एखाद्या कड्यावर मुलांना क्लाइंबिंग करायला लावायचं, असं यांनी आणि माझ्या धाकट्या दिरांनी ठरवलंय. दीर पुण्यात नोकरीला आहेत, सुट्टीच्या दिवशी क्लाइंबिंगला जातात, दोर-बिर सगळं त्यांच्याकडं आहे. तंबू आणि गाडी यांच्याकडं, कडा दिरांकडं, स्वयंपाक आणि मुलं माझ्याकडं. जाऊबाईंचं बाळ नऊ महिन्यांचं आहे. सासूबाई म्हणतात, पाण्याच्या काठाला लेकरं झोपवत नसतात. त्यांचं माहेर धरणात गेलेलं. हे म्हणतात, आई जुन्या वळणाची आणि तू घाबरट. नाही म्हणावं तर मुलांच्या आनंदावर पाणी पडतं, हो म्हणावं तर पोटात गोळा येतो. (कॉलेजात एनसीसीत असताना मीही रॅपलिंग, म्हणजे दोरानं कडा उतरणं, केलेलं आहे, पण ते जाऊ द्या.) मी खरंच घाबरट आहे का?"
– एक आई, जालना

ताई,

तुम्ही घाबरट नाही. तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "स्वयंपाक आणि मुलं माझ्याकडं." गोळा येतो तो त्या वाक्यामुळं. एका बाजूला पेटलेला स्टोव्ह, दुसऱ्या बाजूला मैलोन्‌मैल पाणी, मध्ये चार वर्षांचं पोरगं, आणि या तिन्हींवर नजर ठेवायला एकटी बाई. तंबू ठोकणारा माणूस तंबू ठोकून मोकळा होतो. दोर बांधणारा कड्यापाशी असतो. जाऊबाईंच्या कडेवर बाळ. म्हणजे पाच मोठी माणसं असूनही लेकरांकडं बघणारी अर्धीच, कारण तुमचा उरलेला अर्धा जीव भाजीत. हा हिशोब तुमच्या मनानं आधीच केलाय, फक्त तो घरात कुणापुढं मांडलेला नाही.

तर जा. जरूर जा. आपल्याकडची मुलं पाण्याकाठी, दगडाधोंड्यांत, उघड्यावरच्या थंडीत एक रात्र काढतील, तर ती त्यांना जन्मभर पुरेल, असं मला मनापासून वाटतं. पण मे महिन्यात नको, पाणी आणि कडा एकाच फेरीत नको, आणि निघायच्या आधी घरात एका गोष्टीचा सोक्षमोक्ष लागल्याशिवाय नको. ती गोष्ट म्हणजे लेकरांकडं कोणत्या वेळी कोण बघणार.

"सगळे आहेत ना, कुणीतरी बघेलच" या भरवशावर लेकरं पाण्यात जातात. लग्नाच्या गर्दीत, जत्रेत, सहलीत, जिथं माणसं जास्त तिथंच हे घडतं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. आणि बुडणारं मूल हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच जागा नसते तर ओरडणार कशानं? हात वर करून हलवणंही त्याला जमत नाही, ते हातांनी पाणी खाली दाबत राहतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं पोरगं खेळतंय. एखादं मिनिटही लागत नाही.

म्हणून एक शिट्टी घ्या, खेळाच्या दुकानात मिळते ती, दोरीवाली. ज्याच्या गळ्यात शिट्टी, तो लेकरांचा राखणदार. त्यानं मोबाइल बघायचा नाही, चूल फुंकायची नाही, फोटो काढायचे नाहीत, पत्ते खेळायचे नाहीत. फक्त बघायचं. अर्ध्या तासानं शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात, आणि घेणाऱ्यानं तोंडानं म्हणायचं, "आता माझ्याकडं." हे म्हटल्याशिवाय देणाऱ्यानं जागा सोडायची नाही. पहिल्या दिवशी जरा नाटकी वाटेल, तुमचे मिस्टर हसतीलही. हसू द्या. संध्याकाळपर्यंत तुमची आठ वर्षांची लेकच विचारायला लागेल, "शिट्टी कुणाकडंय?" धाकटा पाण्यात उतरला असेल तेव्हा शिट्टीवाला काठावर बसलेला चालणार नाही. त्यानं पाण्यात, हात लांब केला तर पोराला लागेल इतकंच अंतर ठेवायचं.

आता सासूबाई. त्यांना 'जुन्या वळणाची' म्हणून बाजूला काढलंय, आणि माझ्या मते या सगळ्या बेतात पाण्याबद्दल सर्वांत जास्त त्यांनाच कळतं. जायकवाडीची पायाभरणी 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, धरण पुरं झालं 1976 ला. शंभरावर गावं उठली. तुमच्या सासूबाई तेव्हा परकरातल्या असतील. ज्या पाण्याकडं बघून तुम्हाला 'व्ह्यू' दिसतो, त्याच्या खाली त्यांना पांदी दिसतात, मळे दिसतात, गावाची आड-बारव दिसते. आणि ते सगळं तिथंच आहे. नाथसागराचा तळ म्हणजे बुडालेलं शिवार: बांध, पडकी घरं, बाभळीची खोडं, न बुजवलेल्या विहिरी. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल कशावर पडेल ते वरून कळत नाही. त्यात हा जलाशय पसरट आहे, लांबी सुमारे 55 किलोमीटर, पण बऱ्याच भागात उथळ. पाणी चार-पाच फूट उतरलं तरी काठ लांबच लांब मागं सरकतो आणि मध्ये उरतो तो गाळ. वरून वाळल्यासारखा, तडे गेलेला, आणि पोरगं धावत गेलं की पाय पोटरीपर्यंत आत. ओढून काढताना चप्पल आत राहते आणि मूल घाबरून दुसरा पाय रोवतं.

म्हणून सासूबाईंना घरी ठेवू नका, सोबत न्या. काठावर उभं करून विचारा, "आई, तुमचं गाव कुणीकडं? विहीर कुणीकडं?" नातवंडांना त्यांच्या तोंडून ऐकू द्या. 'तिकडं जायचं नाही' असं तुम्ही दहा वेळा सांगण्यापेक्षा, 'तिथं खाली आमची विहीर आहे' हे आजीनं एकदा सांगितलेलं मुलं लक्षात ठेवतील. त्यांनी नको म्हटलेल्या ठिकाणी पाण्यात उतरायचं नाही, एवढा मान त्यांना द्या. तो त्यांचा हक्कच आहे.

पाण्याचं आणखी थोडं. हवेची ट्यूब, दंडाला लावायचे फुगे, तेलाचा रिकामा कॅन, यातलं काहीही नको. विहिरीत पोहायला शिकताना कॅन बांधतात ते ठीक, तिथं चारी बाजूंनी काठ असतो. नाथसागरावर दुपारनंतर वारा सुटला की ट्यूब बघता बघता आत जाते आणि तिच्यामागं बाप जातो. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आणा, ज्याला दोन्ही पायांमधून घ्यायचा पट्टा असतो. नसेल तर जॅकेटच्या खांद्याला धरून उचलून बघा; जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते पोराच्या डोक्यावरून निघून जाईल. मच्छीमारांच्या होडीत बसायचा हट्ट मुलं करतील. जॅकेट नसेल तर होडी नाही.

आता मे का नको ते सांगते. आपल्याकडच्या मेचं ऊन तुम्हाला मी काय सांगणार? पारा 42-43 वर, तंबूत दुपारी उभं राहता येत नाही आणि रात्री उशिरापर्यंत जमीन वाफा सोडत असते. काळा पाषाण तर असा तापतो की हात टेकवत नाही, मग मुलं धरणार काय? पाणी सगळ्यांत खाली गेलेलं, म्हणजे गाळ सगळ्यांत जास्त उघडा. आणि या सगळ्याहून मला ज्याची धास्ती वाटते ती म्हणजे अवकाळी. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीला संध्याकाळी चारनंतर भरून येतं, वावटळ सुटते आणि विजा पडायला लागतात. दर उन्हाळ्यात मराठवाड्यात वीज पडून माणसं जातात, जनावरं जातात. मोकळा काठ, त्यावर एकच तंबू आणि शेजारी एकच बाभूळ, यापेक्षा वाईट जागा नाही. तंबूचं कापड विजेपासून काहीही वाचवत नाही. वाचवते ती पत्र्याची बंद गाडी, काचा वर करून. म्हणून कोणत्याही दिवसांत जा, गाडी तंबूजवळ लावा आणि गडगडाट ऐकू आला की सगळं टाकून गाडीत बसा. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, जवळपास वीज पडत असेल तर सूचना देतं. ते फोनमध्ये असू द्या.

त्यापेक्षा डिसेंबरचा शेवट ते जानेवारी बघा. नाताळची सुट्टी, संक्रांतीच्या आसपासचा शनिवार-रविवार, 26 जानेवारीला जोडून येणारा एखादा रविवार. पाऊस चांगला झाला असेल तर पाणी भरपूर, ऊन अंगाला सुखावणारं, आणि हिवाळी पाहुणे आलेले: पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, कधी रोहित. पहाटे धुक्यात हजारो पक्ष्यांचा कलकलाट ऐकून चार वर्षांचं पोर न उठवता उठेल. शिवाय हुरड्याचे दिवस. आगटी पेटलीय, कणसं भाजतायत, सासूबाई तळहातावर हुरडा चोळून फुंकर मारून नातवाच्या मुठीत देतायत, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. तुमचा निम्मा स्वयंपाक तिथंच मिटला. उरलेल्यासाठी घरून धपाटे आणि दशम्या न्या, दोन दिवस टिकतात. तिथं जाऊन पोळ्या लाटत बसायचं नाही, हे मी बजावून सांगते. थंडी मात्र हलकी समजू नका. पाण्याकाठी पहाटे हाडं गोठतात. अंगावर कितीही घ्या, खाली जमिनीकडून गारवा येतो, म्हणून अंगाखाली जाड सतरंजी किंवा फोमची मॅट हवी. बाळाला तंबूत नको, जवळ खोली असेल तर जाऊबाई आणि बाळ खोलीत.

खोली असेल तर, असं म्हणाले कारण जागाही बदला. नाथसागर 1986 पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. मन मानेल तिथं गाडी थांबवून तंबू ठोकायचा, जाळ करायचा, गाणी लावायची, हे तिथं चालत नाही. वन विभागाची परवानगी लागते. मुलांच्या पहिल्या वेळेला मी अभयारण्याच्या हद्दीबाहेरचं, ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत किंवा एखादं कृषी पर्यटन केंद्र निवडेन. संडास, हातपंप किंवा नळ, रात्री हाक मारली तर ओ देणारं माणूस, एवढं तिथं असतं. नाथसागरच हवा असा हट्ट नसेल तर गावाजवळचा लहानसा साठवण तलावही मुलांना समुद्राएवढाच वाटतो. कुठंही गेलात तरी गावात सांगून जा. गावकऱ्यांना माहीत असतं कुठं डोह आहे, कुठं गेल्या साली काय झालं.

तंबू पाण्यापासून निदान शंभर-दीडशे पावलं लांब, उंचवट्यावर, दार पाण्याच्या उलट्या बाजूला. घरात लवकर उठणारा धाकटाच असतो. सगळे गाढ झोपेत असताना तो झिप उघडून पाण्याकडं निघतो, आणि ही वेळ मला दुपारच्या पोहण्यापेक्षाही धोक्याची वाटते. झिपला आतून घुंगरू बांधा. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतात त्यातली दोन-चार घुंगरं चालतील. झिप हलली की आवाज झालाच पाहिजे.

विंचू-सापाचं नाव काढलं की तुमचे मिस्टर म्हणतील, झालं हिचं सुरू. तरी सांगते. तंबू खालून बंद असलेला, जाळीला भोक नसलेला घ्या आणि झिप दिवसाही उघडी टाकू नका. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं धड दुखतही नाही, सकाळी पोट दुखतंय म्हणून मूल उठतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. लाल विंचू मुलांसाठी फार वाईट, विष थेट हृदयावर जातं. त्यावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. काम केलं महाडला आणि जगभर या उपचाराची दखल घेतली गेली. म्हणजे उपाय आहे, पण वेळेत पोचलं पाहिजे. दंश झाला तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. मुलाला उचलून घ्या, चालवू नका, 108 ला फोन लावा किंवा आपल्या गाडीनं निघा. आणि निघायच्या आधीच बघून ठेवा की सर्पदंशाची लस (प्रतिविष) ठेवणारा सगळ्यांत जवळचा सरकारी दवाखाना कुठला आणि तिथून पुढं संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पोचायला किती वेळ लागतो. एक निळसर-जांभळा अतिनील टॉर्च मिळाला तर न्या. त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. झोपायच्या आधी बापानं लेकीला घेऊन तंबूभोवती एक चक्कर मारायची. मुलांना ते इतकं आवडतं की बूट झटकून घालायचं पुन्हा सांगावं लागत नाही.

आता कडा.

देवगिरीच्या कड्यावर चढायचा विचार डोक्यातून काढा. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, 1958 च्या कायद्यानं संरक्षित. खालचा तो सरळसोट कडा तर माणसांनी मुद्दाम तासून काढलेला, कुणी चढू नये म्हणूनच. वेरूळ, पितळखोरा, संभाजीनगरच्या लेण्या, सगळीकडं तीच गोष्ट. लेकरांना किल्ला दाखवा, चढायला दुसरी जागा शोधा.

दुसरी जागा म्हणजे दगड ओळखणं आलं. आपला सगळा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. विहीर खोदणाऱ्याला विचारा, तो सांगेल: वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. कड्यातही हेच थर असतात, फक्त आडवे उघडे पडलेले. काळा पाषाण धरायला भक्कम. मांजऱ्या लागला की हाताला खपली येते, अख्खा धोंडा बिजागरीतून निखळल्यासारखा सुटतो. दोर कितीही चांगला असला तरी खाली उभ्या असलेल्या पोराच्या डोक्यात पडणाऱ्या दगडाला दोर थांबवत नाही. म्हणून हेल्मेट चढणाऱ्याला तर हवंच, खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला हवं. आणि कड्याखाली बाळ, सासूबाई, चार वर्षांचा धाकटा यांचं काही काम नाही. पाणी आणि कडा एका फेरीत नको म्हणाले ते यासाठीच. तळ्याची सहल सगळ्या कुटुंबाची असू द्या, कडा वेगळ्या फेरीत, मोजक्या माणसांत.

आग्या मोहोळाचं तर दिरांनी स्वतःहून सांगायला हवं होतं. आपल्या कड्यांच्या कपारींत ते हमखास असतं. धूर, अत्तराचा वास, वरून पडलेला दगड, कशानंही उठतं. जमिनीवर असलेला माणूस तोंड झाकून गाडीकडं पळू तरी शकतो. दोराला लटकलेल्या मुलाला पळता येत नाही. त्यामुळं हार्नेस (दोराला अडकवायचे अंगावरचे पट्टे) बाहेर काढायच्या आधी दुर्बिणीनं अख्खा कडा बघायचा, आणि मोहोळ दिसलं तर तो दिवस रद्द. मुलगी रडली तरी रद्द.

तुमचे दीर अनुभवी असतील, मला शंका नाही. पण स्वतः चढणं आणि आठ वर्षांच्या मुलीला चढवणं यांत फार अंतर आहे. त्यांना फोन करून सरळ विचारा. वरून दोर लावून चढवणार ना? म्हणजे दोर माथ्यावरच्या आधारातून खाली आलेला, मुलीच्या वर कायम ताणलेला, हात सुटला तर ती फूटभर खाली येऊन लटकेल, बस. माथ्यावर एकच आधार की एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन? एकच असेल तर नाही. हार्नेस कुणाच्या मापाचा? मोठ्यांचा पट्टे आवळून चालवू नका. या वयात मुलांना कंबर नसते, पोरगी उलटी झाली तर नुसत्या कमरेच्या हार्नेसमधून सटकू शकते. छाती आणि मांड्या दोन्ही धरणारा, लहान मापाचा पूर्ण हार्नेस हवा. खालून दोर सांभाळणार, म्हणजे बिले देणार कोण? बिले देणाऱ्याचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे तिथंच गुंततात, तेव्हा तो राखणदार म्हणून धरायचा नाही. आणि जागा त्यांनी आदल्या दिवशी स्वतः चढून बघितलीय का?

ही उत्तरं मनासारखी मिळाली नाहीत, किंवा तेवढं सामान जमत नसलं, तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेबरोबर जा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका.

पहिल्या दिवशी मुलीला उंच चढवायचंच नाही. पाच-सहा फुटांवर थांबवायचं आणि तिला सांगायचं, आता दोन्ही हात सोड, हार्नेसमध्ये बस. हे मुलांना सगळ्यांत अवघड जातं. बोटं पांढरी पडेपर्यंत दगड धरून ठेवतात. काका खालून दोर ताणून धरतो, ती एक हात सोडते, परत धरते, मग दुसरा सोडते, आणि दोरानं आपल्याला धरलंय हे तिच्या पाठीला कळतं. मग पाय दगडाला लावून मागं झुकून चालत खाली येणं. चार वेळा हे झालं की मग वर. आणि एक शब्द सगळ्यांनी आधीच ठरवायचा: "खाली." ती "खाली" म्हणाली की त्या क्षणी खाली. "अजून दोनच पावलं, बघ, जमतंय" असं कुणीही म्हणायचं नाही, काकानंही नाही. आपल्या शब्दाला दोराच्या दुसऱ्या टोकाचा माणूस मानतो, हे तिला कळलं तर ती पुढच्या वेळी आपणहून जास्त वर जाईल. फोटोसाठी थांबवलेली, चिडवलेली मुलं परत दोराला हात लावत नाहीत.

धाकट्याला दोर-हार्नेस काही नको. तळ्याकाठीच कमरेएवढे धोंडे शोधा, ज्यांखाली माती किंवा वाळू आहे. त्याच्या पायाची उंची मोठ्यांच्या कमरेच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि तुमचे दोन्ही हात त्याच्या पाठीमागं, न लावता, नुसते तयार. त्याच्यासाठी तोच एव्हरेस्ट. फटीत बोटं घालायच्या आधी काडीनं टोकरायला शिकवा, विंचवाची जागा तीच.

आता कंसातलं वाक्य. तुम्ही ते कंसात टाकलंत आणि वर "ते जाऊ द्या" म्हणालात. मी जाऊ देणार नाही. ज्या बाईनं कड्याच्या काठावर पाठमोरं उभं राहून पहिलं पाऊल मागं टाकलंय, तिला घरात घाबरट म्हणतात, आणि तीही मलाच विचारते मी घाबरट आहे का! तुमच्या मिस्टरांनी ते पाऊल टाकलंय का कधी? हे टोमणा म्हणून विचारू नका, पण विचारा. कड्याच्या दिवशी मुलीनंतर दोराला दुसरा नंबर तुमचा. तेव्हा धाकटा घरी बापाकडं. तळ्याकाठच्या शिट्टीच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्यांचा कागद करताना तुमच्या नावापुढं 'मोकळी' असाही एक तास लिहा. हुरड्यापाशी बसा, पक्षी बघा, झोपा.

मिस्टरांशी बोलताना "मला भीती वाटते" असं सुरू करू नका. त्यावर "काही होत नाही गं" एवढंच उत्तर येणार. कागद-पेन घेऊन बसा आणि विचारा, "शनिवारी चार ते सहा, चूल पेटवताना, धाकट्याकडं कोण?" नाव लिहून घ्या. "पहाटे साडेपाचला तो उठला तर कोण उठणार?" नाव लिहून घ्या. "मुलगी दोराला असताना बिले भाऊजींकडं, मग तिच्या पायथ्याशी कोण?" असं दोन्ही फेऱ्यांचं करा. तीन-चार रकाने रिकामे राहिले की त्यांनाच दिसेल तुम्ही काय म्हणत होतात. रागावले तर कागद टेबलावर ठेवून उठा. रिकाम्या रकान्यात नाव पडेपर्यंत बुकिंग करायचं नाही, एवढं मात्र आजच सांगून टाका. आणि दिरांचं मन मोडेल म्हणून गप्प बसू नका. ज्याला दोराचं खरं शिक्षण आहे त्याला प्रश्न विचारलेले आवडतात, तो दोन जास्तीच्या गोष्टी तपासून येतो.

हुरड्याच्या ज्वारीची पेरणी बघून तारीख धरा. शेतकऱ्याला दिवाळीतच विचारा, तो सांगेल कणीस कोणत्या आठवड्यात दुधात येईल. लहान मापाचा हार्नेस दुकानात लगेच मिळेलच असं नाही, तेव्हा मुलीचं वजन, छाती आणि मांडीचं माप घेऊन ते दिरांना या आठवड्यातच कळवा. त्याच मेसेजमध्ये तुमचंही माप लिहा.